दादऱ्याची गाठ

चैत्र सरत आला तरी धोंडूबाईंचा निरोप नव्हता आणि विमलबाईच्या जिवाला घोर लागला होता. दरवर्षी होळी झाली की भिसेगावहून त्यांचा फोन यायचा, "मसाल्याला कधी बसतेस गं?" गेल्या वर्षी तो विमलबाईनेच केला होता. त्या एका घराच्या शब्दावर अख्खी आळी कडावच्या विमलबाईकडून वर्षाचा मसाला घ्यायची. ते घर सुटलं तर आळी सुटली. शेवटी तिने चवीपुरता नवा मसाला पुडीत बांधला आणि रिक्षात बसली.

धोंडूबाईंनी हसून घरात घेतलं, चहा टाकला. मसाल्याचं नाव मात्र काढेनात. विमलबाईचीही विचारायची छाती होईना. तसं धोंडूबाईंना नाही म्हणणं जन्मात जमलं नव्हतं. दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, ही त्या घराची रीत. कासार, बोहारीण, सगळ्यांचं तिथे फावायचं. विमलबाई पहिल्यांदा टोपली घेऊन आली, तेव्हा तिचंही तसंच फावलं होतं.

तेवढ्यात ओट्यावरचा बोलका स्पीकर जागा झाला. सून सुरभीने आणून ठेवलेला. गोड बायकी आवाजात म्हणाला, "मसाला मागवून महिना झाला. तोच पुन्हा मागवू का?"

"मागव बाय," धोंडूबाई बोलून गेल्या आणि विमलबाईकडे बघून ओशाळल्या. "काय करू गं? इतकी अदबीनं इचारते. तिला नाय कसं म्हणायचं?"

विमलबाईने स्पीकरकडे पाहिलं. आपण येणार वर्षातून एकदा, गुडघे धरत. ही बया ओट्यावरच ठाण मांडून बसलेली.

"पण तुझाबी लागतोच हां," धोंडूबाई घाईने म्हणाल्या. "यंदाचा घेऊन ये. दरसालएवढाच."

विमलबाईचा जीव भांड्यात पडला. घर ओळखीचं, म्हणून पुडी ठेवायला तिने स्वतःच फडताळ उघडलं. कंपनीच्या फोडलेल्या पाकिटांमागे तिची गेल्या वर्षीची बरणी होती. तोंडावर तिच्याच जुन्या लुगड्याचा दादरा, गाठ तिच्याच हातची. ती कुणी सोडलीच नव्हती.

म्हणजे गेल्या वर्षीही नाही म्हणता आलं नाही, म्हणून घेतला. आताही तेच.

तिला राग आला. वळून पाहिलं तर धोंडूबाई पदराचं टोक चोळत उभ्या होत्या, चोरी पकडल्यासारख्या. आता स्वतःहून नाही म्हणावं लागणार, याची भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट होती. विमलबाईला ते बघवेना.

"काकी, यंदा मी मसाला करतच नाय," पुडी पदराआड धरत ती म्हणाली. "गुडघं लय दुखतात. हेच सांगायला आलेली."

"अगं बाय! मग नको गं, जिवाला जप," म्हणत धोंडूबाईंनी सुस्कारा सोडला. त्यात सुटका होती आणि विमलबाईला ती ऐकू आली.

पुडी पिशवीत टाकून ती पायऱ्या उतरली. कडावला तिच्या अंगणात मिरच्या वाळत पडल्या होत्या, अख्ख्या आळीच्या.