पंचमीची कुदळ

नागपंचमीला जमिनीत लोखंड घालायचं नाही, हे नरखेडकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सत्यवतीबाईलाही होतं. पण त्र्याहत्तरच्या श्रावणात तिच्या संत्र्यांच्या आळ्यांत पाणी तुंबलं, मुळं सडायला लागली. सकाळी तिनं भिंतीवर काढलेल्या नागोबाला लाह्या वाहिल्या आणि लगेच सुनेच्या, मनकर्णेच्या हातात कुदळ दिली.

"मागच्या बांधानं जाय वं. कोणाले दिसू नोको."

शेजाऱ्यांना दिसलं नाही की देवालाही दिसत नाही, असा या बाईचा हिशेब.

पाण्याला वाट करून देताना मनकर्णेच्या पायाला नाग डसला. तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं नाही. तिथं ओळखीचं कोणी भेटलं असतं. मायलेक तिला एसटीत घालून थेट नागपूरला निघाले. वाटेत सत्यवतीबाईनं लेकाला, रुपरावाला बजावलं, "काटा रुतला म्हणजो. पंचमीले माती खणली हे समजलं तर तुह्या बहिणीचं जमलेलं लगन मोडन."

दवाखान्यात पोचेपर्यंत मनकर्णेचा पाय सुजला होता, पापण्या उघडत नव्हत्या, जीभ उचलत नव्हती. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"साप होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी. संत्र्याचा काटा," सासू म्हणाली.

"काट्यानं पापण्या पडत नाहीत, बाई. पण सापाचं इंजेक्शन उगाच दिलं तर त्यानंही जीव जातो. खरं सांगा."

"आज पंचमी हाये जी. आजच्या दिवशी मी खोटं काहून बोलू?"

मनकर्णेनं चाचपडत नवऱ्याचं बोट धरलं आणि होती नव्हती ती ताकद लावून दाबलं. ती काय म्हणतेय ते त्याला कळलं. मला संताप येतो तो याचाच, की त्याला कळलं. त्यानं आईकडे पाहिलं आणि बोट हळूच सोडवून घेतलं.

तिचा श्वास अडकायला लागला तेव्हा कुठे तो ओरडला, "नाग होता, साहेब! नाग होता!"

डॉक्टर धावले, सुई टोचली, छाती दाबली. मनकर्णा गेली.

सत्यवतीबाई रडली. खोटं कशाला सांगू, पोटातून रडली. मग पदरानं नाक पुसत लेकाच्या कानाशी वाकली.

"कुदळ तिथंच पडून असन. घरी गेल्याबरोबर पयले ती उचल. कोणी पाहीन."