आधी दिवा सोडा

मी पेव बोलतोय. “अमक्याचं पेव फुटलंय” असं तुम्ही येता-जाता म्हणता, पण खरं पेव तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मी म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याच्या अलीकडे, नागपूर-हैद्राबाद सडकेपासून थोडं आत एक गाव आहे, तिथल्या डोमाजीच्या अंगणात मी असतो.

मला डोमाजीच्या बापानं निजामाच्या राज्यात खणलं. सरकारी लेव्हीवाले दारातून ज्वारी उचलून न्यायचे, त्यांच्या नजरेआड लेकरांपुरती तरी राहावी म्हणून. आतून शेणमातीनं लिंपलं, कडबा पेटवून वाळवलं आणि तोंडावर दगडी झाकण ठेवलं. डोमाजी माझ्या काठावर रांगला, म्हणून त्याला मी अरे-तुरेच करतो.

लपवणं माझ्या जन्मातच आहे, पण स्वभावानं मी भित्रा. त्याला कारण आहे. झाकण बंद राहिलं की माझ्या पोटातली हवा मरते. ज्वारीला ती मानवते, माणसाला नाही. घाईघाईत पेवात उतरला आणि वर आलाच नाही, असा एखादा तरी माणूस आमच्याकडच्या प्रत्येक गावात सांगतात. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीनं दिवा खाली सोडायचा. तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. डोमाजीची बायको बयनाबाई या बाबतीत फार कडक. नवरा कितीही कुरकुरला तरी दिव्याशिवाय ती कुणाला उतरू द्यायची नाही. मला ती त्यासाठीच आवडायची.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. माझ्यातली ज्वारी संपली होती, झाकण बंद होतं आणि घरात छपरापर्यंत वेचलेला कापूस भरला होता. तेवढ्यात रेडिओवर बातमी आली. दिल्लीत पंतप्रधानांना त्यांच्याच शीख पहारेकऱ्यांनी मारलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या सडकेवर सरदारजींचे ट्रक अडवायला सुरुवात झाली. ज्या ड्रायव्हरांसोबत वर्षानुवर्षं चहा प्यायला, त्यांच्याच मागे माणसं काठ्या घेऊन धावली. एका रात्रीत माणसाला असं काय होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्या दुपारी बयनाबाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन अंगणात आली. तिच्यामागे आणखी एक वेचणारा होता. त्याचं गाठोडं एवढं मोठं की तोंड दिसत नव्हतं. पण एवढा उंच वेचणारा आमच्या गावात नव्हता.

गाठोडं खाली आलं आणि दाढी दिसली, पगडी दिसली. पोरगेलाच होता, पाय काट्यांनी फाटलेले. त्याचा ट्रक सडकेवर जळत होता.

डोमाजीचा चेहरा कापसासारखाच पांढरा पडला. “अवं, घरभर कापूस हाय,” तो म्हणाला. “कोनं एक काडी टाकली तं आपुनबी जळून जाऊ.”

“कापसाच्या पऱ्हाटीत लपून बसला होता,” बयनाबाई म्हणाली. “म्या त्याले पाह्यलं. आता न पाह्यल्यावानी कसं करू?”

डोमाजी काही शूरवीर नव्हता. तो मटकन खाली बसला. वेशीकडून आरडाओरडा ऐकू आला, तसा उठला आणि स्वतःच माझं झाकण सरकवायला लागला. त्या पोराला हातानं खुणावलं, की मार उडी. मी जीव तोडून ओरडलो, पण खड्ड्याचं कोण ऐकतं? बयनाबाईनं पोराचा दंड धरला.

“आधी दिवा.”

दिवा माझ्या गळ्याशीच विझला. लाज वाटली हो मला. ज्याला वाचवायचं, त्याला गिळायला मी तोंड वासून बसलो होतो. डोमाजीनं लिंबाची डहाळी दोराला बांधली आणि विहिरीत पोहरा हलवावा तशी खालीवर केली. मेलेली हवा थोडी निघाली, ताजी थोडी शिरली. दुसऱ्यांदा दिवा सोडला तर तो मिणमिणला, बारीक झाला, पण विझला नाही. याहून जास्त थांबायला वेळ नव्हता. कमरेला दोर बांधून पोरगा उतरला. बयनाबाईनं तो दोर त्याला कमरेचा सोडू दिला नाही, दुसरं टोक काठाशीच ठेवलं.

झाकण लावलं तर तो गुदमरणार, उघडं ठेवलं तर सापडणार. बयनाबाईनं माझ्या तोंडावर तुराट्यांची ताटी टाकली, तिच्यावर खुडूक कोंबडी अंड्यांसकट बसवली आणि वरून बांबूचं डालं झाकलं. डाल्याच्या फटींतून जेमतेम वारा येत होता.

माणसं आलीच. सडकेवरची होती, बहुतेक परकी. गाव दाखवायला त्यांनी शेजारच्या उद्धवरावांना सोबत घेतलं होतं. त्यांनी घर धुंडाळलं, कापसात काठ्या खुपसल्या. आणि तेवढ्यात मला दिसलं, की माझं दगडी झाकण भिंतीपाशी तसंच पडलंय. घाईत दोघंही विसरले होते. परक्यांना तो नुसता दगड. पण उद्धवरावांच्या अंगणात माझ्यासारखंच पेव होतं. त्यांनी झाकण पाहिलं, मग डालं पाहिलं. आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

उद्धवराव चालत गेले आणि त्या झाकणावर बसले. धोतराचा सोगा नीट पसरला. म्हणाले, “वयनी, पानी द्या.”

त्यांचे पाय धरावेत असं वाटलं, पण खाली वेगळंच चाललं होतं. पोराचा श्वास जड होत होता, मान छातीवर कलत होती. वर उद्धवराव निवांत घोट घेत त्या लोकांना पऱ्हाटीवरच्या किडीच्या गोष्टी सांगत होते. आपण बसून आहोत तोवर आतला माणूस सुखरूप, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. आणि ते बसले होते म्हणून ती माणसं हलत नव्हती, डालं उचलता येत नव्हतं आणि त्याचा जीव जात होता. जीव घेणारा मी होतो. उठा, उठा, म्हणून मी आतल्या आत तळमळत होतो.

बयनाबाई पुढे आली. तिनं सरळ डाल्याकडेच बोट दाखवलं. “भाऊजी, पानी झालं असन तं उठा. मले कोंबडी सोडाची हाय. जास्त येळ झाकून ठेवली तं मरते.”

उद्धवरावांचा पेला ओठाशी थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. मग त्या माणसांना म्हणाले, “व्हा तुमी समोर. वयनीची कोंबडी मरन, आपल्याले उगाच पाप. मी येतोच मागून.”

कुणीतरी हसलं. सगळे निघाले. उद्धवराव सगळ्यांत शेवटी उठले आणि गेले.

डालं फेकून दोघांनी दोर ओढला. पोरगा शुद्धीवर नव्हता, एवढं धूड दोघांना हलेना. तेव्हा मागून तिसरे हात दोराला लागले. उद्धवराव परत आले होते. तोंडावर पाणी मारल्यावर पोरगा खोकला, आणि अंगणात बसून तिघंही रडले.

पुढे कापसाच्या बंडीत, कापसाखाली लपवून डोमाजीनं त्याला आदिलाबादला पोचवलं. तिथून त्याच्या माणसांनी नांदेडला नेलं म्हणे. तो परत कधी आला नाही. या तिघांनीही त्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

दिवस गेले. शेतातली ज्वारी गेली, रेशनचा तांदूळ आला, माझं काम संपलं. डोमाजी गेला, उद्धवराव गेले. ब्याण्णवच्या डिसेंबरात रेडिओवर अयोध्येची बातमी लागली. बयनाबाई ती ऐकून उठली. तिच्याच्यानं झाकण रेटवत नव्हतं, तरी तिनं ते सरकवलं आणि माझ्यात दिवा सोडला. विझला. तिनं लिंबाची डहाळी दोराला बांधली. दिवा तेवेपर्यंत म्हातारी ती खालीवर हलवत राहिली. मग डालं आणून काठाशी ठेवलं आणि वाट पाहत बसली. मावला गावाकडून एक मुसलमान बांगडीवाला आमच्या गावी यायचा. तिच्या मनात तोच असावा. कुणी आलं नाही. बरंच झालं. पण त्यानंतर कुठलीही वाईट बातमी आली की ती मला उघडून जायची.

गेल्या उन्हाळ्यात तीही गेली. तिच्या लेकाला यातलं काही ठाऊक नाही. त्याला अंगणात ट्रॅक्टर उभा करायचाय. मुरमाचा ढीग काल माझ्या काठाशी पडला.

बुजवा बाबांनो, माझी तक्रार नाही. मात्र पहिली टोपली टाकण्याआधी एकदा दिवा सोडून बघा. विझला तर खुशाल टाका माती. पण तेवला, तर एवढं जाणून माती टाका की माझ्यात अजून एका माणसापुरती हवा होती.