लिंबाची चकती

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला दादा बर्फ फोडून स्वयंपाकघरातून बाहेर आला, तेव्हा टेबलावरच्या सगळ्या पेल्यांच्या काठावर लिंबाच्या चकत्या होत्या. त्याने एकाच पेल्याला लावली होती.

"या कुणी लावल्या?"

"मी," अक्का म्हणाली. "बाकीचे अगदी बोडके दिसत होते रे. जन्म काढलास हॉटेलच्या बारमध्ये, आणि बहिणीच्या निवृत्तीच्या पार्टीला लिंबाची काटकसर?"

मावशी खळखळून हसल्या. दादाने भराभर पेले मोजले. काही पेले आधीच उचलले गेले होते.

चकती म्हणजे बिनदारूचा पेला, हा त्याचा बारमधला नेम. या घरात ती खूण दोघांनाच ठाऊक होती. त्याला आणि धाकट्या भावाला. धाकटा दारू सुटावी म्हणून रोज गोळी घेत होता. ती गोळी चालू असताना थोडी दारूही अंगावर येते, प्रसंगी जिवावर, असं डॉक्टरांनी दादासमोरच बजावलं होतं. अक्काला यातलं काही माहीत नव्हतं. चारचौघांत धाकट्याला वेगळं पडल्यासारखं होऊ नये म्हणून दादाने सगळ्याच पेल्यांत लिंबू, पुदिना, साखर, सोडा आणि वर आल्याचा झणझणीत रस घातला होता. पांढरी रम तेवढी बाकीच्यांत. जिभेला फरक कळू नये यासाठी त्याने सगळं कसब पणाला लावलं होतं.

"धाकटा कुठंय?"

"गॅलरीत. पेला घेऊन गेला की मघाशीच. अरे, तू बस ना आता!"

दिवाणखाना ओलांडताना भावोजींनी त्याचा दंड धरला. "मेव्हणे, हे बनवायचं कसं ते सांगितल्याशिवाय सोडत नाही तुम्हाला!"

"आलोच," म्हणत दादाने हात सोडवला.

धाकटा कठड्याला टेकून उभा होता. पेल्याच्या तळाशी पुदिना आणि घोटभर पेय उरलं होतं.

"झकास जमलंय, दादा. अगदी खऱ्यासारखं."

दादाने पेला हिसकावला आणि उरलेला घोट जिभेवर घोळवला. रम होती.

धाकट्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "चकती होती की रे."

"सगळ्यांना होती. अक्कानं लावल्या."

धाकट्याच्या मानेवरून लाली वर चढू लागली. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. "छाती धडधडतेय. भीतीनंच असेल, नाही?"

दादाने त्याला धरून आतल्या खोलीत नेलं, दाराला कडी घातली आणि दवाखान्यात फोन लावला. गोळीचं नाव, ती सकाळी घेतल्याचं, पेला जवळजवळ रिकामा झाल्याचं, काहीही न लपवता सांगितलं. गाडी पाठवतो, तोवर त्यांना एकटं सोडू नका, असं पलीकडचा माणूस म्हणाला.

"अक्काला पित्त झालं म्हणून सांग," धाकटा पलंगावरून म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तिचा दिवस आहे आज."

दारावर थाप पडली. "अरे, दोघं भाऊ आत काय कुजबुजताय? फोटोसाठी सगळे खोळंबलेत!"

धाकट्याने मान हलवली. नको. दादाच्या बोटांखाली त्याची नाडी पळत होती.

"अक्का," दादा म्हणाला, "खाली गाडी येईल. तिला वाट दाखवायला कुणाला तरी पाठव."

"कसली गाडी?"

"दवाखान्याची," दादा म्हणाला. बाहेरचं हसणं थांबलं. दादा कडी काढायला उठू लागला, पण धाकट्याने त्याची बाही मुठीत घट्ट धरली होती. गाडी अजून आलेली नव्हती.