ऐनाच्या झाडावरचा नंबर

मुरबाडच्या त्या बँकेत थंडगार हवा होती, निळ्या मऊ खुर्च्या होत्या, आणि पाणी काचेच्या ग्लासात मिळायचं. मिळत नव्हते ते फक्त राहीचे पैसे. सकाळी दहापासून ती काउंटरसमोर उभी होती, आणि आता घड्याळात एक वाजून गेला होता.

उद्या शनिवार. टोकावड्याच्या वरच्या तिच्या वाडीत उद्या हिरडा मापायचा होता. अकरा बायांनी महिनाभर झाडांवर चढून, काठ्यांनी झोडून कोवळा बाळहिरडा गोळा केला होता आणि कातळावर वाळवला होता. वर्षानुवर्षं तो आदेश नावाचा व्यापारी घेऊन जायचा, किलोला एकशेवीस देऊन. यंदा राहीने बायांचा गट बांधला, वाशिंदच्या एका औषधाच्या कारखान्याशी बोलणं केलं आणि एकशेसाठ भाव ठरवला. कारखान्याने आगाऊ रक्कम गटाच्या खात्यात टाकलीसुद्धा. राहीने बायांना वचन दिलं होतं, माप झालं की पैसे हातात. ते चुकलं तर बाया उद्याच आदेशच्या टेम्पोकडे वळणार होत्या, आणि मग गट कसला नि काय कसलं!

"ओटीपी आला का?" काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

"कुठं येनार? सांगितलं ना, फोन झाडावर हाय."

हे झाड कुठलं, तेही सांगायला हवं. वाडीत फोनला रेंज नाही. रेंज आहे ती फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एका ऐनाच्या झाडापाशी. म्हणून वाडीचा एकच फोन त्या झाडाला कापडी पिशवीत टांगलेला असतो. खाली कातळावर जो कुणी असेल, त्याने वाजला की धावत जाऊन उचलायचा आणि निरोप वाडीत पोचवायचा. सगळी वाडी गेली चार वर्षं अशीच चालली होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. खातं उघडताना बँकेने गटाचा नंबर मागितला, राहीने तोच दिला. दुसरा कुठला देणार?

"अहो, पण बँकेत येताना फोन आणायचा असतो," मुलगी म्हणाली. "दहा हजारांच्या वर ओटीपी लागतोच."

"ते तवाच सांगायचं ना!"

दारावरचा वॉचमन धाऊ हे सगळं ऐकत होता. त्याने खिशातला स्वतःचा फोन काढून राहीच्या हातात दिला. "लाव गो बाय. असंल कुनी तितं."

तिकडे फोन उचलला धाकलूबाबाने. शेळ्या चारणारा सत्तरीचा म्हातारा, आयुष्यात शाळेची पायरी न चढलेला.

"बाबा, टुंग वाजलं ना आता? त्याच्यात आकडे हायेत. सांग मला."

"मला काय कलतंय गो आकड्यातलं?"

"दिसतंय तसं सांग!"

म्हाताऱ्याने डोळे ताणून सांगायला सुरुवात केली. एक काठी. मग कोयता. मग दोन भोपळे, एकावर एक. राही ऐकून आकडे सांगत होती, मुलगी कीबोर्डवर बोटं आपटत होती. चौथ्याला म्हातारा अडला. "पुन्ना कोयताच वाटतो. पर मूठ वाकडी हाय."

राहीने सात म्हटलं. तो सात नव्हता. दुसऱ्यांदा ओटीपी आला तेव्हा म्हाताऱ्याला सांगता सांगता वेळ संपली. तिसऱ्यांदा पुन्हा एक आकडा चुकला आणि मुलीने हात वर केले. "तीन वेळा चुकलं. खातं लॉक झालं. चोवीस तास काही होणार नाही. उद्या सेकंड सॅटर्डे, परवा रविवार. सोमवारी या."

राहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक आतल्या काचेच्या खोलीत शिरली. तिथे भाविक बसला होता. हाच तो अधिकारी, जो दोन महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून वाडीत आला होता. राहीच्या ओट्यावर बसून त्याने चार कप चहा प्यायला होता, आणि टोकावड्याची जुनी बँक तीन टक्के देते, आम्ही सात देतो, असं बोटं मोजून समजावलं होतं.

"तवा मी सांगितलं होतं तुमाला, फोन झाडावर असतो," राही म्हणाली. "तुमी हसलात. झाडाचा फोटो काडलात. मग तवाच का नाय बोललात, हा नंबर चालनार नाय म्हणून?"

"ताई, शांत व्हा. सिस्टीमचा नियम आहे. मी काय करू?"

"मी सवता उभी हाय तुमच्या समोर. माझा फोटो हाय तुमच्याकडं. आणखी कोन पायजे?"

"दोन दिवसांचाच प्रश्न आहे ना?" भाविक गोड हसला. "थोडं थांबा की. व्याज तर तुम्हाला आम्हीच जास्त देतोय. एवढं दुसरीकडे कुठे मिळणार?"

त्या हसण्याचाच तिला जास्त राग आला. चिडला असता तर चाललं असतं. एसटीत बसल्यावरही ते हसू तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. रागाचा एक वाटा तिने स्वतःसाठीही ठेवला होता, कारण हिरीने तिला आधीच बजावलं होतं. हिरी तिची थोरली जाऊ. जुन्या बँकेतल्या गटाच्या पहिल्या खात्यातून पैसे काढायला राहीची सही आणि हिरीचा अंगठा, दोन्ही लागायचं. "तितली रंजिताबाय नावानं ओळखते आपल्याला," हिरी म्हणाली होती. "मला तेवडं पुरं हाय." तेव्हा राही फणकारली होती, "ओळखीचं काय लोणचं घालायचंय? चार टक्के जास्त हायेत!" नव्या खात्यात एकीचंच नाव पुरे, म्हणजे झंझट नाही, असं भाविकने सुचवलं आणि राहीने हिरीचं नाव गाळून टाकलं. 

संध्याकाळी बाया ओट्यावर जमल्या. राहीने सगळं सांगितलं. बायांनी आदेशचं नाव काढलं. ती घाईघाईने म्हणाली, "दोन दिवसाचाच तर सवाल हाय. थोडं थांबा की. भाव तर आपनच जास्त देतो. एवडा दुसरीकडं कुटं मिळनार?"

बोलून झालं आणि तिचं तिलाच ते ऐकल्यासारखं वाटलं. हे शब्द तिचे नव्हते. काचेच्या खोलीतले होते.

हिरी उठली. "आदेश चाळीस कमी देतो. पर काट्याबरोबर पैसं देतो. काल रातीच्याला माझ्या घरवाल्याला त्याच्याच टेम्पोतनं दवाखान्यात नेलता. तुजा भाव तू ठेव." शनिवारी अकरातल्या आठ जणींनी आदेशला माल घातला. हिरी त्यांत पहिली होती.

सोमवारी राही फोन घेऊन मुरबाडला गेली. ओटीपी तिच्या हातात आला. तिने दहा हजार नाही मागितले, सगळंच काढलं. "खातं बंद. सगळं टोकावड्याच्या जुन्या खात्यात पाठवा."

"ताई, व्याज बुडेल!" भाविक खुर्चीतून उठला. पहिल्यांदाच.

"बुडू दे. आणि पुन्ना कुनाच्या ओट्यावर चहा प्यायला जाशील, तर पयले त्याला रेंज हाय का ते बघ!" सगळी बँक वळून बघत होती, आणि धाऊ वॉचमन दाराशी मिशीत हसत होता.

मंगळवारी टोकावड्याच्या जुन्या बँकेत पंखा करकरत होता. थांबलेल्या तिघींचे पैसे काढायची स्लिप रंजिताने हातात घेतली, उलटसुलट केली.

"राहीताई, दुसरा अंगठा कुठाय? हिरीबाई बऱ्या आहेत ना? यजमानांचं दुखणं कसं आहे?"

राहीला ते माहीत नव्हतं. जावेच्या घरात काय चाललंय ते बँकेतली बाई विचारत होती आणि हिला सांगता येत नव्हतं. ती स्लिप तिथेच ठेवून वाडीकडे निघाली. रस्ताभर तिचा राग उतरला नाही, फक्त आता त्याला मुरबाडकडे पाठवायची सोय उरली नव्हती.

हिरी अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने वर बघितलं नाही.

"भावजी कसं हायेत?" राहीने विचारलं.

"पाच दिसांनी आठवन झाली व्हय?"

"चुकलं माझं. तुजं नाव गाळलं ते पन चुकलं." राही खाली मातीत बसली. "तुज्या अंगठ्याबिगर पैसं निघत नायत. चल."

"भाव किती देशील पुडच्या खेपेला?"

"एकशेसाठ."

"भावाचं नंतर." हिरीने सूप खाली ठेवलं. "पैसं कदी देशील?"

"काट्यावर. माल काट्यावर चडला की हातात. आधी पैसं आनून ठेवीन, मगच काटा टांगीन. नाय जमलं, तर मीच तुला आदेशकडं धाडीन."

हिरीने सूप उचलून भिंतीला लावलं. मग तिने पदराने हात पुसले, अंगठा जरा जास्तच घासून पुसला, आणि चपला पायात घातल्या.