कोऱ्या नंबराचं कार्ड

वरवट बकालच्या वाचनालयात पुस्तकं दोनशे अन् कार्डं सातशे. बासष्ट साली तपासणीला आलेले साहेब ते पाहून उखडलेच. ग्रंथपाल उकंडराव बधले नाहीत. "लोकाइले पुस्तकाचं नाव कुठं माहीत असते साहेब? कोणी बोंडअळीचं मागते, कोणी कपाशी खाल्ली त्याचं मागते. पुस्तक एकच असते. मी जो जसं मागते तसं कार्ड करतो अन् अशा सगळ्या कार्डावर त्या एकाच पुस्तकाचा नंबर टाकतो."

आज, पंच्याहत्तर साली, निवृत्तीच्या दिवशी उकंडराव त्याच कार्डांचा खण चाळत बसले होते. प्रत्येक कार्डातून कोणीतरी माणूस वर येत होतं. 'म्हशीचं दूध आटलं' म्हणजे कचरू. 'पोराले अंधारात दिसत नाही' म्हणजे बनाबाई.

मग ते कार्ड आलं. 'माहेरी पत्र लिहाचं हाय, पण वाचून माय रडली नाही पाहिजे.' ते मागणारी म्हणजे तेव्हा गावात नवी आलेली सून, अन्नपूर्णा. तिच्यासाठी त्यांनी सगळी कपाटं पालथी घातली होती. नंबराची जागा अजून कोरीच होती.

त्यांनी ते कार्ड खिशात घातलं, मग काढून नव्या ग्रंथपालाच्या हाती दिलं.

"याचं पुस्तक मले नाही सापडलं," ते म्हणाले. "तुमी पाहत राहजा."