फोटोत कललेली माडी

अर्जुनाला काही विचारायचं होतं तर त्यानं आईला विचारायचं. पलटणीत गेला म्हणून एवढंही विसरला? माडीचा फोटो बघितला, ती कललेली दिसली म्हणून घाबरला आणि कागद धाडला तो थेट चुलत्याला, 'आईनं भिंती कशा घातल्यात ते जरा बघा.' चुलता आकाराम अशाच संधीला टपलेला. नागपंचमीला शिराळ्यात पाय ठेवायला जागा नसते. नेमका त्याच दिवशी, पाहुण्यारावळ्यांनी गल्ली भरलेली असताना, तो गवंड्याचा ओळंबा घेऊन चंद्राबाईच्या दारात आला आणि सगळ्यांदेखत तिच्या नव्या माडीला लावला.

भिंत सरळ निघाली. तरी आकाराम मान हलवत म्हणाला, "वाऱ्यानं दोरी हालली आसंल. फोटू खोटं बोलत न्हाई, वैनी."

चंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालक गेल्यावर ती दोन उन्हाळे गवंड्याच्या डोक्यावर उभी राहिली होती. बोटभर बाहेर गेलेली भिंत तिनं पाडायला लावून पुन्हा घालून घेतली होती. पोराला रजा मिळेना, निदान घर डोळ्यांनी बघू दे म्हणून तर तिनं फोटो काढून धाडला होता.

दुसऱ्या दिवशी घरातली फोटोची प्रत पदरात बांधून तिनं सांगलीची एसटी धरली. विश्रामबागेत लालासाहेबाच्या स्टुडिओत शिरली आणि फोटो टेबलावर आपटला.

"लालासाहेब, माझी माडी दारू प्यालीया व्हय? अशी मागं का रेललीया?"

"मावशी, तुमची गल्ली अरुंद. मागं सरायला जागा नव्हती, म्हणून कॅमेरा वर उचलला. वरचं लांब पडलं, ते बारीक आलं. बांधावर उभं राहून उसाच्या सऱ्या बघा, पार टोकाला जवळ आल्यागत दिसतात."

"मग ह्ये तवाच सांगाया तोंड न्हवतं?"

"सगळ्यांचे असेच येतात. कुणी तक्रार करत नाही."

"सगळ्यांची पोरं चुलत्याला कागद धाडत न्हाईत."

लालासाहेबाचं हसू विरलं. तो तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला. लाल दिव्याखाली फोटो मोठा करायच्या यंत्रातून माडीची सावली कागद ठेवायच्या फळीवर पडली, तशीच वर निमुळती. त्यानं माडीच्या पायाकडच्या बाजूला फळीखाली एक डबा सरकवला. फळी तिरकी झाली, पायाकडची कड यंत्राजवळ आली आणि खालचं अरुंद होत होत भिंती ताठ उभ्या राहिल्या.

"म्हंजे खरं दाखवाया कागद तिरका धरायचा?"

"असं म्हणा."

"मग आदीच का न्हाई धरला? तुमी आळस केलासा आन् नाक माझं कापलं."

नवा फोटो धुऊन, वाळवून लालासाहेबानं तिच्या हातात दिला.

तिनं तो अर्जुनाला धाडला नाही. भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला.

दिवाळीला अर्जुना रजेवर आला. खांद्यावर काळी ट्रंक, मागोमाग आकाराम. गल्लीत उभा राहून त्यानं माडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली, भिंती ताठ उभ्या दिसल्या, तसा त्याचा चेहरा उतरला. चंद्राबाईनं देवळीतला फोटो आणून त्याच्यापुढं धरला.

"ह्यो बरोबर आलाय, आये," तो म्हणाला. "आदी ह्यो धाडला आसतास तर काकाला कशाला इचारलं आसतं?"

दाराशी बायका जमल्या होत्या. चंद्राबाईनं आवाज चढवला नाही.

"ट्रंक खाली ठेव. फोटूवाला परका, त्याचं चुकलं, त्यानं सुधारून दिलं. तू माझ्या पोटचा, तुला कागद खरा वाटला आन् आई खोटी. आता ज्या ज्या दारातनं माणसं ओळंबा बघाया आली, त्या त्या दारात जा. म्हण, माझ्या आईची भित सरळ हाय, चूक माझी हाय. काकाच्या दारापासनं सुरू कर. सांगून आलास की वाढते. तवर ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई."