दादाला मॅनेजर करा

अख्खं गाव ज्याला दादा म्हणतं तो माझा सख्खा दादा आहे, आणि त्याला फुटबॉल क्लबचा मॅनेजर करायला विरोध करणारा नतद्रष्ट मी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना माझ्या नावाने बोटं मोडायची आहेत त्यांनी मोडून घ्यावीत. बऱ्याच जणांचं उरकलं आहे.

क्लब हरत सुटला होता. जुन्या मॅनेजरला हाकलून झालं, तरी मैदानाच्या फाटकावर अध्यक्षांबद्दल रोज कुणीतरी खडूने अर्वाच्य लिहून जायचं. अध्यक्ष रंगाचे व्यापारी. भिंतीला ओल आली की गिऱ्हाइकाला रंगाचा डबा विकून मोकळे होणारे. क्लबला ओल आली तेव्हा त्यांना दादा आठवला.

"लोक त्याला शिव्या देणार नाहीत," ते मला म्हणाले. "निदान वर्षभर तरी." या कल्पनेवर ते इतके खूश होते की त्यांनी स्वतःहून चहा मागवला. माझं टाळकं तिथेच सटकलं.

पण मग वहिनी माझ्या फरशीच्या दुकानात आल्या. "भाऊजी, होऊ दे हे," त्या म्हणाल्या. "सकाळी उठतात, बूट पुसतात आणि परत पिशवीत ठेवतात. मला बघवत नाही." मलाही कुठे बघवत होतं? एकेकाळी ज्याच्या पायात बॉल आला की सगळं मैदान उभं राहायचं, तो माणूस आता दुकानांच्या फिती कापत हिंडत होता.

निर्णयाआधी एक दिवस सराव त्याच्या हाती द्यायचा असं कमिटीने ठरवलं. कमिटीत मीही आहे, म्हणून बाकीच्यांबरोबर ड्रेसिंग रूमच्या दारात उभा होतो. तिथे दादाची एक खुंटी आहे. त्याने खेळणं सोडल्यापासून तिच्यावर कुणी कपडे अडकवत नाही. नवी पोरं खिडकीच्या गजाला शर्ट टांगतील, पण त्या खुंटीला हात लावणार नाहीत. जिवंत माणसाचं असं देवघर करून ठेवलेलं मला कधीच आवडलं नाही.

टीम बाकांवर बसली होती. समोर फळा, त्याच्याजवळ मॅनेजरने उभं राहायची जागा. दादा आत आला, सरळ आपल्या खुंटीकडे गेला, शर्ट अडकवला, खाली बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. मग गुडघ्यांवर हात ठेवून इतरांसारखाच फळ्याकडे बघत राहिला.

"बघा, किती साधा माणूस!" अध्यक्षांनी डोळे पुसले. सगळे कौतुकाने हसले. कसला साधा! तो मॅनेजरची वाट बघत होता. आता कुणीतरी येईल आणि काय करायचं ते सांगेल, म्हणून खरंच वाट बघत होता. हसू ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि कानापर्यंत लाल होऊन तो उठला.

मैदानावर त्याने कडेने पळणाऱ्या विंगरसाठी मोकळ्या जागेत पास टाकला. विंगर पोचलाच नाही.

"तिथे असायला हवं होतंस!"

"पण दादा, कळायचं कसं?"

"कळतं!"

पुन्हा पास, पुन्हा तेच. शेवटी दादाने त्या पोराला बाजूला सारलं, दुखऱ्या गुडघ्यानिशी स्वतः धावला आणि बॉल जाळीच्या कोपऱ्यात घातला. टीमने टाळ्या वाजवल्या, कमिटीने वाजवल्या. विंगर आपला कमरेवर हात ठेवून उभा. त्याला काडीचंही कळलं नव्हतं.

संध्याकाळी दादासमोरच बैठक झाली आणि मतं समसमान पडली. माझं एक राहिलं. दादा माझ्याकडे बघून हसला. त्याला माझी खात्री होती.

"हात वर कर, छोट्या."

"दादा, त्या विंगरला नेमकं काय सांगायचं होतं तुला?"

तो उठला, खुर्ची सरकवली, पाय वळवला. "हे असं..."

"पायाने नाही. तोंडाने सांग."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"इथे परीक्षा चालली आहे का?" अध्यक्ष गुरगुरले.

"तुम्ही गप्प बसा!" मी टेबलावर हात आपटला. "तुम्हाला मॅनेजर नकोय, ढाल हवी आहे. आज लोक याच्या तोंडाकडे बघून गप्प बसतील. उद्या तुमच्या वाट्याच्या शिव्या हा खाईल, आणि तुम्ही दुसरा डबा शोधाल!"

तोच हात मी टेबलावर ठेवला. वर केला नाही.

जिन्यात दादाने माझी कॉलर धरली. "मला येत नाही हे घरी येऊन सांगायचंस. चार लोकांत नागडं केलंस मला."

"घरी ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. तरी घरीच सांगायचं असतं."

त्यानंतर त्याने माझं तोंड पाहिलं नाही. वहिनींचा फोन आला तो एवढंच सांगायला, की दादाने बूट माळ्यावर टाकले.

बाहेरून आणलेल्या नव्या मॅनेजरची पहिलीच मॅच, आणि आम्ही हरत होतो. "दादाला मॅनेजर करा!" स्टँड दणाणला. मागून कुणीतरी मला ओळखलं. "हाच तो! सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देणारा!" चहाचा कागदी कप माझ्या मानेवर फुटला. मग बाकीचेही सुटले.

पुढच्या रांगेतून दादा पायऱ्या चढत आला. दुखरा गुडघा ओढत. आता हा मला सगळ्यांदेखत कानफटवणार, असं वाटलं. तो माझ्यासमोर आला आणि लोकांकडे वळला.

"कप कुणी मारला?"

"दादा, तुमच्यासाठीच तर..."

"याला शिव्या द्यायला मी जिवंत आहे अजून! तुम्ही कोण रे?"

मग माझ्याकडे वळून त्याने आईवरून एक सणसणीत शिवी हासडली. आई दोघांची एकच, हे रागात त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"सरक," तो म्हणाला, आणि शेजारी बसला.

खाली विंगर पुन्हा चुकला. दादा ताडकन उठून ओरडला, "बॉलकडे बघू नकोस, गाढवा! त्यांच्या बॅककडे बघ! त्याने बॉल बघायला मान वळवली की पळ!"

तो ओरडायचा थांबला. सावकाश खाली बसला. मी त्याच्याकडे पाहिलं.

"हेच सांगायचं होतं मला," तो म्हणाला.

"हो."

"थोडे दिवस दिले असतेस, तर सुचलं असतं."

माझ्या कॉलरमधून चहा पाठीवर ओघळत होता. मी तो पुसला नाही.